पोराच्या वहीतला पैलवान

आज ज्याच्याविषयी बोलणार आहे तो पैलवान आपल्यापैकी बहुतेक वडीलधाऱ्यांनी पाहिलेला नसेल. पण घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला हळूच विचारून पाहा, त्याला तो ठाऊक असण्याचा संभव आहे. हा पैलवान ना कोल्हापूरचा, ना पंजाबचा. त्याला आई नाही, बाप नाही, गाव नाही. तो मोबाईलच्या काचेत राहतो. माझी आणि त्याची ओळख तुमसर तालुक्यातल्या माझ्या शाळेत, गणिताच्या तासाला झाली.

आमचा मुलूख आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तुमसर म्हणजे धानाची मोठी बाजारपेठ. आसपास भातगिरण्या, उत्तरेला चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी, एका अंगाला वैनगंगा. मुले शाळेत येतात ती कुणी रोवणीच्या बांधावरून, कुणी खाणकामगारांच्या वस्तीतून. पाचवीच्या वर्गात मी लहान-मोठ्या संख्यांची चिन्हे शिकवीत होतो. शेवटच्या रांगेत एक पोरगा मान खाली घालून वहीत काही गिरवीत बसला होता. अंगाने अगदी किडकिडीत, वर्गात सर्वांत बुटका. मुले त्याला टिल्ल्या म्हणत. मधल्या सुट्टीत ज्याला त्याला याच्यावर हात साफ करून घ्यायचा असे. मी जाऊन वही ओढून घेतली. पानभर एकच चित्र. जांभळट अंगाचा एक छोटा प्राणी, कमरेला लंगोटासारखा तपकिरी पट्टा, डोक्यावर तीन उंचवटे, दोन्ही मुठी आवळलेल्या.

"हे का होय?" मी विचारले.

"टायरोग होय जी, सर."

मला वाटले हा कुठल्या रोगाचे नाव सांगतो आहे. सारा वर्ग हसला. मीही, खरे सांगायचे तर, जरा रागानेच बोललो. वही टेबलावर आपटली आणि तास संपेपर्यंत परत केली नाही. ते मी चुकलो. कारण तास संपल्यावर वही मागायला तो आला तेव्हा डोळ्यांत पाणी होते आणि तरी तो मला समजावून सांगत होता, "सर, तो लहान हाय जी. मोठ्यामोठ्याशी लढते, हारते. पन सोडत नाही."

त्या रात्री मी घरी बसून या टायरोगची माहिती मिळवली. ती सांगतो, कारण शिक्षक बंधुभगिनींना तिचा उपयोग होईल.

जपानमध्ये सातोशी ताजिरी नावाचे एक गृहस्थ आहेत. जन्म १९६५ चा. टोकियोजवळ माचिदा या भागात ते वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडण्याचा भारी नाद होता. तळी, ओढे, शेते पालथी घालायची, भुंगे धरायचे, पाळायचे, मित्रांशी अदलाबदल करायची. आपली पोरे चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात, तसलाच प्रकार. पुढे शहर वाढले, तळी बुजली, शेतांवर इमारती उठल्या. आता इथली मुले किडे कुठे धरणार, असे त्या माणसाच्या मनात राहून गेले, आणि त्यातून त्याने खिशात मावेल अशा यंत्रावर खेळायचा एक खेळ रचला. मुलाने रानावनात हिंडावे, नाना तऱ्हेचे प्राणी धरावे, पाळावे, शिकवावे, दुसऱ्याच्या प्राण्याशी त्यांची झुंज लावावी. हा खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात विक्रीला आला. नाव पोकेमॉन, म्हणजे पॉकेट मॉन्स्टर, आपल्या भाषेत खिशातले राक्षस. सुरुवातीला १५१ प्राणी होते, आता हजारावर गेले आहेत. पुढे त्याची चित्रमालिका निघाली, ती आपल्याकडच्या दूरचित्रवाणीवरही मुलांनी पाहिली. आणि २०१६ पासून तो मोबाईलवर रस्त्याने चालत चालत खेळायच्या रूपातही आला.

या हजार प्राण्यांत कुणी आग ओकणारा, कुणी विजेचा, कुणी पाण्यातला. पण एक जात निव्वळ कुस्तीगिरांची, म्हणजे हातापायांनी लढणाऱ्यांची आहे, आणि आमचा टायरोग त्या जातीतला बाळपठ्ठा. १९९९ मध्ये निघालेल्या खेळाच्या दुसऱ्या भागात तो प्रथम आला. उंची ७० सेंटिमीटर, वजन २१ किलो. म्हणजे आमच्या बाजारात तांदळाचे २५ किलोचे पोते मिळते, त्याहून हलका. अंगात रग फार. आपल्याहून मोठ्याला आव्हान द्यायचे, मार खायचा, अंगावर जखमा वागवायच्या आणि पुन्हा उभे राहायचे, असा त्याचा स्वभाव खेळ करणाऱ्यांनी ठरवून दिला आहे.

आता खरी गंमत ऐका. या खेळात पातळ्या असतात. आपल्या शाळेत इयत्ता असतात तशा. टायरोग विसाव्या पातळीला पोहोचला की त्याचे रूप पालटते, सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसे. पण त्याचे काय होणार हे आधी ठरलेले नसते. त्याच्या दोन शक्ती मोजलेल्या असतात: एक हल्ल्याची आणि एक बचावाची. आखाड्याच्या बोलीत म्हणायचे तर डाव आणि तोड. हल्ला बचावाहून अधिक असेल तर तो हिटमनली होतो, म्हणजे लाथांचा उस्ताद. बचाव हल्ल्याहून अधिक असेल तर हिटमनचॅन होतो, म्हणजे ठोशांचा उस्ताद. आणि दोन्ही अगदी समसमान उतरल्या तर हिटमनटॉप होतो, जो डोक्यावर उलटा उभा राहून भोवऱ्यासारखा फिरतो.

शिक्षक मंडळींच्या ध्यानात आलेच असेल. पेक्षा मोठा, पेक्षा लहान आणि बरोबर! जी तीन चिन्हे मी फळ्यावर खडू झिजवून शिकवीत होतो, आणि वर्गातली अर्धी मुले ज्यांचे तोंड उलट्या दिशेला काढत होती, तीच तीन चिन्हे हा पोरगा वहीत गिरवीत बसला होता. फक्त त्याने संख्यांच्या जागी पैलवान काढले होते. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर टायरोग काढला. चित्र काही बरे जमले नाही, पोराने येऊन डोके दुरुस्त केले. मग डावीकडे हल्ला ३२, उजवीकडे बचाव २७, असे लिहून विचारले, मधे कोणते चिन्ह आणि कोणता पैलवान? चिन्हांचा पाठ त्या एका तासात संपला. भागाकार शिकवायला मात्र अजून कोणताही राक्षस माझ्या कामी आलेला नाही.

हे तीन उस्ताद कुठून आले, तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. कारण ते हवेतून आलेले नाहीत, जित्याजागत्या माणसांवरून घेतलेले आहेत. हिटमनली आणि हिटमनचॅन ही नावे ब्रूस ली आणि जॅकी चॅन या दोन चिनी वंशाच्या नटांवरून पडली. पण जपानी भाषेत त्यांची नावे निराळी आहेत. लाथा मारणाऱ्याचे नाव तादाशी सावामुरा यांच्यावरून. हे गृहस्थ आधी कराटे शिकलेले. १९६६ साली थायलंडच्या एका मल्लाकडून त्यांनी सपाटून मार खाल्ला. पुन्हा पुन्हा खाली पडले, पुन्हा पुन्हा उठले. मग लाथांची विद्या नव्याने शिकले आणि जपानातले सर्वांत गाजलेले किकबॉक्सर झाले. ठोसेवाल्याचे नाव हिरोयुकी एबिहारा यांच्यावरून. हे मुष्टियोद्धे, अगदी हलक्या वजनगटातले, आणि १९६३ साली याच गटात जगज्जेते झालेले. मुष्टियुद्धात व्यावसायिक सामन्याची एक फेरी तीन मिनिटांची असते. म्हणून खेळातला तो ठोसेवाला प्राणीसुद्धा दर तीन मिनिटांनी विसावा घेतो, असे लिहून ठेवले आहे. बारकावा पाहा!

तिसरा, उलटा फिरणारा, त्याची हकीकत मोठी आहे. त्याचे जपानी नाव कापोएरा या विद्येवरून आहे. ही विद्या दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशाची. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या लेकरांनी ती तिथे वाढवली. भोवती लोकांनी कडे करायचे, वाद्ये वाजवायची, गायचे. आणि मधे दोघांनी हातांवर उलटे होत, गिरक्या घेत, एकमेकांना लाथा हुलकावीत खेळायचे. पाहणाऱ्याला वाटावे नाच चालला आहे. तिथल्या सरकारला तिची धास्ती वाटली आणि १८९० च्या दंडसंहितेत तिच्यावर बंदी आली. पुढे विसाव्या शतकात ती बंदी गेली, आणि २०१४ साली युनेस्कोने त्या कड्याला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतले. गुलामांची ही विद्या एका जपानी खेळात शिरली आणि तिथून तुमसर तालुक्यातल्या पोराच्या वहीत आली. हे मी वर्गात नकाशा लावून सांगितले तेव्हा एरवी भूगोलाला पेंगणारी पोरे बोट ठेवून ब्राझील शोधत होती.

एवढ्यावर हा प्रसंग संपता, तर मी रेडिओवर आलो नसतो. झाले असे की त्या पोराचा आजा मला भेटायला आला. त्याच्या काळचा नामी पैलवान. नागपंचमीच्या आणि पोळ्याच्या आमदंगलीत त्याचे नाव होते. आता सत्तरी ओलांडलेली, कान मात्र अजून पैलवानाचे, फुगून घट्ट झालेले. नातवाचा बाप कामाला बाहेरगावी, म्हणून आजाच शाळेत आला. "गुरुजी, पोट्टा बिघडला का जी?" म्हणाला. मी वही पुढे केली आणि तिन्ही उस्तादांची चित्रे दाखवली.

म्हाताऱ्याने चष्मा लावून लाथवाला हिटमनली बराच वेळ न्याहाळला. या प्राण्याला डोके वेगळे नाही, धडावरच डोळे. आजा म्हणाला, "ह्याची मान कुठी हाय? मानच नाही, तं धोबीपछाड कसा मारावा ह्याले?" ठोसेवाल्याकडे पाहून म्हणाला, "हा दमते." उलट्या फिरणाऱ्याला मात्र त्याने मान डोलावली. "हा मल्लखांबाचा दिसते."

मग जे म्हणाला ते माझ्या मनात घर करून बसले आहे. "गुरुजी, ह्या खेळात माहा नातू कोनता? ह्या तिघांतला कोनता?"

मी म्हटले, नातू यांतला कोणीच नाही. तो या प्राण्याला शिकवतो. तो म्हणजे वस्ताद.

"दहा वर्साचा वस्ताद?" आजा म्हणाला. "अन् माती कोन खोदते?"

श्रोते हो, मी मुलांना वाढवणारी पुस्तके पुष्कळ वाचली. मोबाईलने डोळे बिघडतात, झोप मोडते, अभ्यास मागे पडतो. हे सारे आपण ऐकलेले आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण म्हाताऱ्याने जिथे बोट ठेवले तिथे कुणी ठेवलेले मला दिसले नव्हते. या खेळात मूल एकदम गुरूच्या आसनावर बसते. घाम दुसऱ्याला येतो, टेंगूळ दुसऱ्याला येते, पातळी दुसऱ्याची चढते. मूल बोटाने हुकूम सोडते. आखाड्यात याच्या नेमके उलट. तिथे नवा पोरगा आला की पहिले काही दिवस त्याच्या हातात डाव देत नाहीत, फावडे देतात. माती उकरायची, खडे वेचायचे, हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मुरवायची, मारुतीपुढे दिवा लावायचा. मग जोर, मग बैठका. मग कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवायला मिळतो. वस्ताद होणे ही शेवटची पायरी, आणि सगळेच तिथवर जात नाहीत.

आणखीही एक उलटापालट आहे. या खेळात माणूस जनावराला लढायला शिकवतो. आमच्याकडची गोष्ट याच्या अगदी विरुद्ध आहे. तिच्यात वानराने माणसाला शिकवले. मल्लखांबाची ही परंपरागत कथा आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल, तरी लहानांसाठी सांगतो. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन बलदंड मल्ल पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिले. कुणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर हा कोवळा तरुण उठला, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसला. तिथे त्याने झाडांवर वानरांच्या उड्या, पकडी, सुटका पाहिल्या. कुणी म्हणतात देवीच्या कृपेने साक्षात मारुतीनेच त्याला लाकडी खांबावर एकेक पकड करून दाखवली. तो परत आला, त्याने अलीला चीत केले, आणि गुलाबने कुस्ती न करताच माघार घेतली, असे सांगतात. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. देवधरांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली, हे मात्र सगळेच मानतात. खांबावर दसरंग करा, वेल घ्या, ताजवा घ्या, सुईदोरा करा. अंग लाकडाला असे धरते की समोरचा मल्ल हाती लागला की सुटत नाही. खांबाला एरंडेल लावलेले असते, म्हणजे पकड खरी नसेल तर माणूस सरळ खाली.

वानराचे सोडा, आमच्या व्यायामातच केवढे प्राणी आहेत! हनुमान दंड आहे, वृश्चिक दंड म्हणजे विंचवाचा दंड आहे, हातांवर उलटे चालायची मोरचाल आहे, बेडूकउड्या आहेत, कुस्तीत मच्छीगोता नावाचा डाव आहे. मोजले तर आमच्याही आखाड्यात एक छोटी यादी निघेल धरण्याजोग्या प्राण्यांची. फरक इतकाच की हे प्राणी खिशात ठेवता येत नाहीत, अंगात आणावे लागतात.

मी हे असे बोललो की काही तरुण शिक्षक मला म्हणतात, तुम्ही जुने तेच सोने म्हणता. तसे नाही. विदर्भात ही विद्या कोपऱ्यात पडून नव्हती. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. अमरावतीहून बर्लिन! मुंबईत २०१९ साली मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरली, परदेशी मुले-मुली येऊन त्याच खांबावर चढली. आपले आपण टाकून देतो आणि मग ते परदेशच्या काचेतून परत आले की पोरांना आवडते, ही तक्रार मी करीत नाही. पोरांना आवडले, हेच धरून पुढे चालावे म्हणतो.

आणि बुटकेपणाचे म्हणाल, तर त्या पोराला मी खाशाबा जाधवांची हकीकत सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा अंगाने थोराड नव्हते. त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणत. पाहा, हाही खिशातलाच! १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीवर वाढलेला माणूस, गादीवरची कुस्ती नवी. हरले, परत आले, पुन्हा सुरुवात केली. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. तिथे खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोरगा म्हणाला, "म्हंजे टायरोगच, सर." मी म्हटले, हो. पण शिक्षक बंधूंनो, मी त्या वेळी खाशाबांचा विचार करीत नव्हतो, प्राचार्यांचा करीत होतो. मी तर पोराची नुसती वही परत द्यायला एक तास लावला होता.

आता पुढचे सांगतो. आमच्या गावात मारुतीच्या पारामागे जुना आखाडा आहे. होता म्हणा. पत्र्याखाली धानाची रिकामी पोती, मोडकी सायकल, आणि माती दगडासारखी बसलेली. पोरांना मी विचारले, टायरोगला शिकवायचे तर जागा कुठली? एका रविवारी आजा फावडे घेऊन आला, मी आलो, आणि अकरा पोरे आली. त्यांत तीन मुली होत्या. एका पोरीचा बाप जरा कुरकुरला. त्याला मी एवढेच सांगितले की २००४ पासून ऑलिंपिकमध्ये मुलींच्या कुस्त्या होतात आणि २०१६ साली साक्षी मलिकने पदक आणले. तो काही पटल्यासारखा दिसला नाही, पण पोरगी यायची थांबली नाही. माती उकरायला चार रविवार गेले. तळाशी विड्यांची थोटके, एक कुलूप आणि एक जुना मुद्गल निघाला. मुद्गल आजाने ओळखला, कुणाचा ते मात्र सांगितले नाही.

वर्गाच्या भिंतीवर मी एक कागद लावला. प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने, दंड आणि बैठका, आणि मधे चिन्हाची जागा कोरी. दंड अधिक, तो हल्ल्याचा पैलवान. बैठका अधिक, तो बचावाचा. सारखे आले तर भोवरा. शास्त्र म्हणून याला काही अर्थ नाही, हे मी कबूल करतो. पण दर सोमवारी मुले स्वतः आकडे भरून चिन्ह काढतात, आणि कुणाचे चिन्ह उलटे पडले तर दहा जण ओरडतात. ज्या शाळांत आखाडा नाही तिथेसुद्धा हे करता येईल. खर्च एका कागदाचा.

पालकांसाठी दोन गोष्टी, बोलता बोलता. मोबाईलवरच्या या खेळात खऱ्या पैशांनी विकत घ्यायच्या वस्तू असतात. तेव्हा आपल्या फोनवर पैसे देण्याची सोय असेल तर ती कुलूपबंद ठेवावी, पोराच्या हाती मोकळी सोडू नये. दुसरे, चालत खेळायच्या त्या प्रकारात अंडी उबवायला काही किलोमीटर पायी चालावे लागते. चालणे चांगलेच, पण रस्त्याने फोनमध्ये डोळे घालून चालू नये. आमच्या तुमसरच्या रस्त्यांवरून धानाचे ट्रक धावतात. शेताच्या बांधावर चालायला लावा, तिथे खरे चतुर आणि टोळही भेटतात.

टिल्ल्याचे काय झाले, असे आपण विचाराल. तो बदलून गेला, असे मी सांगणार नाही. मोबाईल अजून खेळतो. रात्री आजा झोपला की खेळतो, हे आजालाही ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत पोरे त्याला मारायची जरा कमी झाली, कारण त्यांतली निम्मी आता त्याच्याबरोबर माती खोदतात. नागपंचमीला आखाड्यात लहान पोरांच्या नारळाच्या कुस्त्या लावल्या, तेव्हा तो उतरला. समोर सहावीतला पोरगा, डोक्याने उंच. मी मनात म्हणत होतो, निदान एक मिनिट टिकू दे. मिनिटही झाले नसेल, तो पाठीवर होता. नारळ दुसऱ्याने नेला.

तो उठला. केसांतली माती झाडली, जिंकलेल्या पोराशी हात मिळवला, आजाच्या पाया पडला, आणि तिथेच उभा राहून विचारू लागला, "आजा, माही विसावी पातळी कवा येते गा?"

आजाला पातळी म्हणजे काय ते कळले नाही. पण आता एवढ्या दिवसांत त्याला या खेळाची थोडी भाषा समजू लागली होती. तो म्हणाला, "सकारी पाच वाजता ये. मंग सांगतो."

पोरगा पावणेपाचलाच आखाड्याच्या दारात बसला होता. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मला हे माहीत.